तोंडी बसलेला नंबर

त्याने शहरात दोन नव्याकोऱ्या रुग्णवाहिका आणल्या, ऑक्सिजन बसवला, घरोघरी पत्रकं वाटली. पण फोन वाजायचा तो नदीपलीकडच्या गॅरेजवाल्याकडेच. शहरातली पहिली रुग्णवाहिका त्याची, आणि तीस वर्षांत त्याचा नंबर पोराटोरांच्याही तोंडी बसलेला. “होईल लोकांना तुझीही सवय,” वडील धीर द्यायचे. एका सकाळी वडीलच छातीवर हात दाबून स्वयंपाकघराच्या दारात कोसळले. आईने फोन लावला. पंचवीस मिनिटांनी गाडी आली, ती गॅरेजवाल्याची. वडील वाटेतच गेले. त्या वेळी मुलगा दोन गल्ल्या पलीकडे आपल्या रिकाम्या गाडीची काच पुसत होता. हॉस्पिटलच्या बाकावर आईने त्याची बाही घट्ट धरली. “बोटं आपोआप त्याच नंबरवर गेली रे. तुझी गाडी लवकर आली असती का?” त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला. “नाही गं आई. तेवढाच वेळ लागला असता.”