पुसलेलं नाव

तिसरी फिल्म सुरू झाली आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पडद्यावर बाईमाणूस पाठमोरं होतं, पण आवाज स्पष्ट होता.

"इकडे बघ गं राणी."

आवाज तिच्या आईचा होता. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

वर्गात सगळे डॉक्टरच होते. लहान मुलांमधला ऑटिझम लवकर कसा ओळखायचा, हे शिकायला आलेले. ती स्वतः मुलांची डॉक्टर. दवाखान्यात रोज रीघ लागायची, पण या बाबतीत आपण नुसतेच चाचपडतो असं वाटून तिने हौसेने नाव घातलं होतं.

फिल्म जुनी, उडालेल्या रंगांची. आईवडिलांच्या परवानगीने ती शिकवण्यासाठी ठेवली आहे आणि मुलीचं नाव आवाजातून पुसलं आहे, असं शिकवणाऱ्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. आई नावाने हाक मारायची तेव्हा क्षणभर सगळं मुकं व्हायचं. त्या मुक्या जागेत तिला स्वतःचंच नाव ऐकू येत होतं.

फ्रॉकमधली मुलगी हाकेला वळली नाही. बाहेर नळ सुरू झाला तेव्हा मात्र चटकन वळली. मग तिने आईचं मनगट धरून कपाटाच्या कडीवर नेऊन ठेवलं. आईच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. मुलीचं कपाळ, हनुवटी, सगळं तिला रोज आरशात दिसतं तसं.

"कान ठीक आहेत," बाई म्हणाल्या. "आणि बघा, ती आईकडे मागत नाही, आईचा हात वापरते. दिसतं ते लिहा, वाटतं ते मागाहून."

तिला एक अक्षर लिहिता आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन बसली. तू फार उशिरा बोलायला लागलीस, असं आई सांगायची. गर्दीत जीव घुसमटायचा. मैत्रिणी घुमी म्हणायच्या. नवऱ्याशी भांडतानाही ती त्याच्या खांद्याकडे बघून भांडायची. एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. आधी राग आला, मग चक्क हायसं वाटलं. पण तो आवाज काही कानातून जाईना. इतकं आर्जव आईच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी ती तडक बाबांकडे गेली. ते शर्टाला इस्त्री करत होते. तिने आडवळण घेतलं नाही. फिल्मबद्दल सांगितलं, आईचा आवाज ओळखला हेही सांगितलं. बाबांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"माझ्यापासून कशाला लपवलंत, बाबा? माझं कुठे काय अडलं? शिकले, डॉक्टर झाले."

बाबांनी शर्टाची घडी हाताने सारखी केली.

"ती तू नव्हेस," ते म्हणाले. "ती तुझी ताई. तू व्हायच्या आधीच आम्ही तिला संस्थेत ठेवलं."

बाबा तिच्याकडे न बघताच पुढे बोलले.

"उद्या तिच्याकडेच जायचंय. हल्ली मी पोचलो की ती दाराशी येते आणि माझ्या मागे तुझ्या आईला शोधते."