तिच्या हातचं कालवण

काचेच्या कपाटात माझ्या सवतीची मासळी विकायची पाटी ठेवली होती. मी लग्न होऊन या कोळीवाड्यात आले त्याआधीच ती वारली होती, तरी पंधरा वर्षं मी तिच्याशी भांडतेय. बांगड्याचं कालवण वाढलं की नवऱ्याचं ठरलेलं, "याला तिच्या हाताची सर नाय."

समाजमंदिराच्या दोन खोल्यांत गावाने हे संग्रहालय थाटलंय. पाटीशेजारी फलक होता: 'कै. मथुरा यांचं बांगड्याचं कालवण.'

"मीच सांगितलं लिहायला," नवरा छाती फुगवून म्हणाला.

मी जळफळत वाचत गेले. लसूण, चिंच, नारळाचं वाटण... आणि शेवटी, 'पाच-सहा तिरफळं ठेचून घालावीत.'

मी पुन्हा वाचलं. तिरफळं माझ्या माहेरची, वेंगुर्ल्याची. मी पुडीत बांधून आणली तोवर इथे कुणी ती पाहिलीही नव्हती. ती बाई तर तिरफळाचा वासही न घेता गेली.

घरी आल्यावर मुद्दाम इथल्या बायकांसारखं कालवण केलं, तिरफळांशिवाय. अगदी तिचं.

पहिल्याच घासाला नवऱ्याचा हात थांबला.

"तिरफळं इसरलीस? ती कधी इसरायची नाय."