उजवीकडचं बटण

“शर्वाणी, पान उघडलं गं. पण दोन्ही बटणं मला सारखीच धुरकट दिसतायत,” कराडहून आई फोनवर म्हणाली.

आईचं यंत्रहृदय आणखी वर्षभर चालवायचं, तर रुग्णालयाच्या वेबसाइटवर तिनं स्वतःच्या बोटानं होकार द्यायला हवा होता. त्या वेबसाइटची ती बटणं शर्वाणीनंच डिझाइन केली होती. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं! ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांना ती फार आवडली होती. मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

“आई, हात लावू नकोस! डावी—”

फोन तुटला. रुग्णावर कुणी दबाव आणू नये म्हणून पान उघडल्यावर काही क्षणांत फोन आपोआप तुटायचा. तीही शर्वाणीचीच कल्पना.

आता आई काय करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उंबरठा उजव्या पायानं, प्रसाद उजव्या हातावर. काही सुचेनासं झालं की आई देवाचं नाव घेऊन उजवं धरायची.

उजवीकडे होतं ‘हृदय थांबवा’.

तिनं पुन्हा फोन लावला. लागेना. तेवढ्यात तिच्या स्क्रीनवर एक गुलाबी फूल उमललं : ‘धन्यवाद! आपल्या आईची निवड नोंदवली आहे.’

दोन्ही उत्तरांना तिनं एकच फूल ठेवलं होतं.