हरकतीची मुदत

"हरकत आली काय रे, कान्हू?"

बायजाने कचेरीच्या खिडकीतूनच विचारले. पंचायतीचा तरुण लिपिक कान्हू म्हात्रे याने घरपट्टीच्या नोंदवहीतून मान वर केली.

"नाय, मावशी. कोण घेणार हरकत?"

"उद्या येते." बाहेर बाकावर बसलेल्या हन्नाबाईंकडे पाहून तिने नुसती मान हलवली. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या चालीने चिंचेखालून निघून गेल्या.

गेले वीस दिवस हे असेच चालले होते.

हन्नाबाईंचे घर ज्या जागेवर होते ती रोह्याच्या एका मालकाची; त्यांच्या सासऱ्यांनी नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. जिते गावातली बाकीची बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यू, कुटुंबे केव्हाच देश सोडून गेली होती. आता मुलगा आरोन आईलाही इस्रायलमध्ये, अश्दोदला नेणार होता. त्याने धाडलेले विमानाचे तिकीट आले तेव्हा बाईंनी एकच अट घातली: पट्टा शेजारच्या बायजाच्या नावे होऊन घरपट्टीला तिचे नाव लागल्याखेरीज आपण गाव सोडणार नाही. आरोनने पत्रे धाडून मालकाची संमती मिळवली. अर्ज बाईंनी स्वतः लिहून आणला.

डावीकडे चार बोटांचा समास दुमडलेला, घडी नखाने पक्की केलेली. कान्हू त्या समासाकडे क्षणभर पाहतच राहिला. त्याला अक्षर बाईंनीच शिकवले होते. अजूनही कोरा कागद समोर आला की त्याची बोटे आधी समास दुमडत.

"तीस दिवस नोटीस लावावी लागेल, बाई," तो म्हणाला होता. "कुणाची हरकत आली नाही, की नाव बदलतं."

"आनि आली तर?" बायजाने विचारले.

"मग प्रकरण पेणला, तालुक्याच्या कचेरीत जातं. सुनावणीला वर्ष, दोन वर्षंसुद्धा लागतात."

"दोन वर्सं!" बायजाने पदर तोंडाशी नेला.  बाईंनी पेनाला टोपण लावले.

शनिवार हा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी हन्नाबाई कोणत्याच कामाला हात लावीत नसत. तेव्हा बायजा एकटीच येई. मग झाडलोट करणाऱ्या गिरजाबाईची जीभ सुटे.

"घराची येवढी घाई गो, बायजे? तिचं इमान तरी उडू दे!"

"उडंल तवा उडंल. तू तुजा केर काढ."

गिरजाबाई हसे. कान्हूला हसू येत नसे. चाळीस वर्षे दर शनिवारी बाईंची चूल बायजाने पेटवली होती. त्याच हातांना आता त्या घराची इतकी ओढ लागावी, याचे त्याला मनोमन वाईट वाटे. बाई मात्र रोज तिच्याच खांद्याचा आधार घेऊन येत. त्यांना काही दिसत नसेल का? का दिसूनही त्या गप्प होत्या?

मुदतीचा शेवटचा दिवस शनिवारच निघाला. सोमवारी आरोनने ठरवलेली गाडी बाईंना न्यायला येणार होती. त्यांची ट्रंक दोरीने बांधून झाल्याचे गिरजाबाईने सकाळीच सांगितले. संध्याकाळी कान्हूने फळ्यावरची नोटीस काढली आणि नोंदवही उघडली. जुन्या नावावर एक रेघ ओढायची होती. त्याचा हात उचलेना.

दारात बायजा उभी होती.

"आली काय रे?"

"नाय आली. घर तुमचं झालं, मावशी." आवाज त्याला वाटला त्याहून कठोर निघाला.

"मुदत सपली?"

"पाच मिनिटं आहेत अजून."

बायजाने कमरेची पिशवी सोडली. घामाने मऊ पडलेला, घड्यांवर विरत आलेला एक कागद तिने टेबलावर ठेवला, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि तो कागदाच्या तळाशी उमटवला.

"घे. माजी हरकत हाय."

कान्हूने कागद जवळ ओढला. 'पट्टा माझ्या नावे करण्यास माझी हरकत आहे. घरपट्टीची नोंद सध्याच्या भाडेपट्टेदाराच्याच नावे राहावी, ही विनंती.'

"कुणी लिहून दिलं, मावशी?"

बायजा खिडकीबाहेरच्या रिकाम्या बाकाकडे पाहत राहिली.

कान्हूचा अंगठा नकळत कागदाच्या डाव्या कडेवरून फिरला. तिथे चार बोटांचा समास दुमडलेला होता, आणि वरच्या कोपऱ्यात महिन्यापूर्वीची, अर्जाचीच तारीख होती.