भरलेला तांब्या

विलंबित ख्याल संपला आणि तबलजी यदुनाथांनी सवयीने एकट्याने कायदा वाजवायला घेतला. दर मैफलीत याच जागी गायिका शाल्मलीताई तांब्याभर पाणी गटागटा पिऊन घाईने आत जायच्या आणि त्या परतेपर्यंत श्रोत्यांना यदुनाथ सांभाळायचे. लोक मधुमेह म्हणायचे, पण साखर बिचारी निर्दोष होती. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी मूत्रपिंडांना ‘पाणी धरून ठेवा’ असा निरोपच देत नव्हती.

यंदा डॉक्टरांनी ताईंच्याच पेशींपासून वाढवलेली नवी ग्रंथी नाकावाटे आत बसवली. आवाज बिघडेल, असं सगळ्यांनी बजावलं होतं.

“बिघडला तर बिघडला,” ताई म्हणाल्या होत्या, “पण एकदा तरी न उठता गायचंय मला.”

“यदुनाथ, अहो, मी इथेच आहे!” आता त्या हसून म्हणाल्या.

ओशाळून यदुनाथांनी ठेका धरला. ताईंनी द्रुत बंदिश उचलली आणि पहिल्याच तानेला आवाज लखलखून निघाला. इतकी वर्षं साथ करूनही ताईंचा मारवा राग असा सलग यदुनाथांनी आजच ऐकला.

मैफल संपली तेव्हा त्यांचा झब्बा घामाने चिंब झाला होता. ताईंनी काठोकाठ भरलेला तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

“घ्या, आज तुमची पाळी.”