बोट निघाली आहे

“बोट निघाली आहे. घर सोडू नका,” नव्या ऑपरेटर मुलीने फोनवर सांगितलं.

पलीकडची बाई गच्चीवर अडकली होती. सोबत सासू आणि तान्हं बाळ. नजर जाईल तिथे पुराचं पाणी, आणि प्यायला घोटभर नाही.

“ताई, शेजारचे टायरांचा तराफा बांधून चाललेत. आम्हालाही बोलावतायत. जाऊ का?”

नवीने बाजूच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे या मदत केंद्रात मुरलेले एक ऑपरेटर बसत. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी नकारार्थी मान हलवली.

“जाऊ नका,” नवी म्हणाली. “घरी कुणी सापडलं नाही तर बोट परत फिरते. मग बोटीतलं बाळाचं दूधही गेलं आणि पाणीही.”

“पण येईल ना नक्की?”

“माझ्यावर सोडा.”

बाईने सोडलं. तराफा गेला.

नवीचा मात्र जीव टांगणीला लागला. घरी आई “दोन घास तरी खा गं” म्हणून मागे लागायची, पण ती ताट बाजूला सारायची. बाई फोन करतच राहिली. आधी विनवण्या, मग शिव्या, मग सासूबाई हाकेला ओ देत नाहीत म्हणून रडणं. नवी दर वेळी तेच सांगायची आणि फोन ठेवून डोळे पुसायची.

“पोरी, इतकं मनाला लावून घेतलंस तर टिकायची नाहीस,” काका म्हणाले. “आपण गोड बोलायचं. माणूस चिडला की थेट साहेबांना फोन लावतो, आणि मग आपली खैर नाही.”

काकांचं काम खरंच बघण्यासारखं होतं. भिंतीवर शहराचा मोठा नकाशा होता. मदत मागणाऱ्या घरावर लाल टाचणी लागायची, मदत पोचली की हिरवी. काकांचा भाग हिरवागार होता. नवीच्या भागाकडे बघवत नव्हतं.

मग एका सकाळी ती कामावर आली, तर त्या गच्चीवर हिरवी टाचणी!

“काका! पोचली मदत?”

“पोचली. मीच बदलली टाचणी. आता चहा पाज.”

तिला इतकं हायसं वाटलं की ती खुर्चीत बसून ढसाढसा रडली. मग काकांना चहा दिला आणि एक कप घेऊन मागच्या जिन्याने खाली गेली. बोटवाल्याचे आभार मानायला नकोत?

मागच्या आवारात बोट होती. ताडपत्रीखाली पाण्याच्या बाटल्या आणि दूध पावडरीचे डबे रचलेले. बोटवाला बोटीखालच्या चाकांच्या गाड्याला टेकून पेंगत होता.

“दादा, फार उपकार झाले तुमचे. त्या गच्चीवरचं बाळ वाचलं.”

“कुठलं बाळ?” त्याने कप घेतला. “बोट अजून पाण्यात उतरलीच नाही, ताई. साहेबांनी झेंडा दाखवल्याशिवाय हलवायची नाही असा हुकूम आहे. आणि साहेबांना सवड कुठाय!”

नवी धापा टाकत वर आली.

“काका, बोट गेलीच नाही! मग मदत पोचली कशावरून?”

काकांनी चहावर हळूच फुंकर घातली.

“कालपासून तिचा एकदा तरी फोन आला का?” ते म्हणाले. “नाही ना? मग पोचली.”