फुंका, बाई

शाळेची बस सुटायच्या वेळी सुपरवायझर भूपेंद्रनं दारू तपासायच्या यंत्राची नळी कालच आणलेल्या नव्या सॅनिटायझरनं पुसली आणि ड्रायव्हर पुष्पाबाईंपुढं धरली. "फुंका, बाई." त्यांनी फुंकलं तसं यंत्र कोकलायला लागलं. "पिऊन आलात! घरी जा," तो सगळ्यांदेखत ओरडला. दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेल्या पुष्पाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल दुसऱ्या बसच्या ड्रायव्हर तोतारामनानांनाही यानं असंच हाकललं होतं. बिचारे मान खाली घालून गेले. पण पुष्पाबाईंच्या नाकात ओल्या नळीवरच्या सॅनिटायझरचा उग्र वास बसला होता. "परत पुसा," त्या म्हणाल्या. त्यानं पुसली. यंत्र हिसकावून त्यांनी टायरात हवा भरायचा पाईप नळीला लावला आणि थोडी हवा सोडली. यंत्र पुन्हा कोकललं. "पंप बी पियेल शे का, साहेब?" त्या कडाडल्या आणि जमलेल्या सगळ्यांकडं हात केला. "आते पहिले नानाले फोन लावा, बठ्ठासना समोर माफी मांगा!"